भूधारणा-नोंदींतील सामूहिक बदल, वऱ्हाडातील

भूमि-अभिलेखांतील एकाच प्रकारच्या अनेक नोंदी एका आदेशाने एकदम बदलण्याची क्रिया. अमरावती व अकोला या भागांत तिचा इतिहास प्रशासकीय स्थित्यंतरांशी निगडित आहे.

निजामाने 1853 मध्ये वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यवस्थेखाली दिल्यानंतर तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पाहणी झाली आणि प्रत्येक शेतास भूमापन क्रमांक मिळाला. 1905 मध्ये सहा जिल्ह्यांचे चार जिल्हे करण्यात आले. एलिचपूर (अचलपूर) जिल्हा अमरावतीत विलीन झाला, तर वाशिम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास जोडले गेले. शेत व क्रमांक तेच राहिले. जिल्ह्याचे नाव मात्र दप्तरोदप्तरी बदलावे लागले.

मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता, 1954 अन्वये भूमिस्वामी व भूमिधारी असे खातेदारांचे वर्ग होते. वऱ्हाड 1956 मध्ये मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 ही 15 ऑगस्ट 1967 रोजी अंमलात आली. तिच्या कलम 29 नुसार हस्तांतरणावर निर्बंध नसलेले भूमिस्वामी भोगवटादार वर्ग 1 मध्ये, तर निर्बंध असलेले भूमिस्वामी व भूमिधारी वर्ग 2 मध्ये गणले गेले. वर्ग 2 च्या जमिनीच्या हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागत असल्याने या एका अंकावर शेतकऱ्याचा विक्रीव्यवहार अवलंबून असतो.

फेरफाराच्या रीतीत प्रत्येक नोंदीची सूचना चावडीवर लावली जाते, हितसंबंधितांस नोटीस मिळते व हरकत नसल्यास नोंद प्रमाणित होते. ही रीत संथ असली, तरी तीत एका नोंदीची चूक सहसा त्या शेतापुरतीच राहते. संगणकीय माहितीसाठ्यात थेट आज्ञा देऊन केलेला बदल मात्र अटीत बसणाऱ्या सर्व ओळींवर एकाच वेळी लागू होतो आणि आज्ञावलीतील तपासण्याही टळू शकतात. भूमापन क्रमांक 1 गावोगावी असतो; म्हणून अटीतून गावाचा संकेतांक सुटल्यास एका गावासाठीचा बदल इतर गावांच्या शेतांवरही लागू होईल. यास्तव बदलापूर्वी प्रत काढणे, निवडलेल्या ओळी मोजणे व संख्या जुळल्यावरच बदल कायम करणे आवश्यक ठरते. गावाचा जिल्हा एकाच तक्त्यात नोंदलेला असल्यास, 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला तशा प्रसंगी, उताऱ्यांना हात लावावा लागत नाही.

मूळ प्रतीवरून ओळी पूर्ववत करता येतात. तथापि दरम्यान दिलेला उतारा व त्यामुळे अडलेला व्यवहार परत घेता येत नाही. संहितेच्या कलम 155 मध्ये लेखनप्रमादांच्या दुरुस्तीची तरतूद आहे. 1 मे 2018 पासून अंकीय स्वाक्षरीचे सातबारा उतारे देण्यास प्रारंभ झाल्याने स्वाक्षरीपूर्व पडताळणीचे महत्त्व वाढले आहे.