उंबरठा आणि बारसाख

सचिन आणि परिसरात अलीकडे जी नवी घरे उभी राहत आहेत, त्यांच्या मालकांचा ओढा पुन्हा कोरीव सागवानी प्रवेशद्वाराकडे वळलेला दिसतो. सुताराकडून आपल्या पसंतीचे दार घडवून घेणाऱ्यांत आपल्या जुन्या मराठी घराण्यांतील मंडळीही आहेत. ही गोष्ट आनंदाची खरी; परंतु बहुतेकांचे सारे लक्ष झडपांवरील नक्षीवर असते. दाराचा इतिहास मात्र चौकटीत साठलेला आहे.

शब्दांपासूनच आरंभ करू. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त दाराच्या उभ्या बाजूंस ‘शाखा’ आणि आडव्या लाकडांस ‘उदुंबर’ म्हटले आहे. दार जितके हात उंच, तितकी बोटे शाखांची जाडी आणि तिच्या दीडपट उदुंबराची, असे त्याचे माप आहे. त्याच उदुंबराचा आपला उंबरा आणि गुजरातीतला ‘उंबरो’ झाला. द्वारशाखेची गुजरातीत ‘बारसाख’ झाली. दोन भाषांच्या घरांची चौकट अशी मुळात एकच आहे.

मराठी वाड्याने या चौकटीस आपले रूप दिले. पुण्याचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात बांधला गेला. त्यासाठी साग जुन्नरच्या रानातून आणला होता. त्याच्या दिल्ली दरवाजाच्या झडपांवर हत्तींची धडक रोखण्यासाठी अणकुचीदार खिळे आहेत आणि एका झडपेत माणसाच्या येण्याजाण्यापुरती दिंडी आहे. मोठे दार बंद ठेवून दिंडीतून वाकून आत येणे, ही संरक्षणाची सोय होती. घरंदाज वाड्यांनी तिला प्रतिष्ठेचे रूप दिले आणि चौकटीच्या कपाळी गणेशपट्टी आली. गायकवाडांबरोबर ही रीत गुजरातेत पोहोचली. बडोद्याचा तांबेकर वाडा भित्तिचित्रांसाठी ख्यातनाम असला, तरी त्याचे लाकूडकामही पाहण्याजोगे आहे.

आपल्या भागास साग पुरविला तो डांगच्या अरण्याने. १८४२ मध्ये इंग्रजांनी तेथील भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे घेतले. पुढे बडोदे संस्थानाच्या पुढाकाराने बिलिमोरा-वघई ही अरुंद लोहमार्गाची गाडी सुरू झाली आणि तिच्यातून सागाची वाहतूक होऊ लागली. लाकडाच्या विपुलतेची दुसरी बाजूही होती. एप्रिल १८३७ मधील भीषण आगीत सुरतेची नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. लाकडी सांगाड्यांच्या दाट वस्तीत ती थोपविणे कठीण होते.

जुनी चौकट बहुधा खिळ्यांवाचून, कुसू आणि खाच यांच्या जोडणीने उभी केलेली असे. झडपाही अनेकदा बिजागरीऐवजी टोकांस काढलेल्या गोल कुसवांवर फिरत. त्यामुळे घर बदलले, तरी दार उलगडून दुसरीकडे बसविता येई. स्थलांतरित कुटुंबास हा गुण विशेष मोलाचा होता. सचिन संस्थानाचा जन्मही स्थलांतरातूनच झालेला आहे: १७९१ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहान्वये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बाळूमियाँ यांना हा मुलूख मिळाला आणि कोकणच्या किनाऱ्यावरील घराणे येथे नांदू लागले. १९४८ मध्ये ते संस्थान विलीन झाले.

आज जुने घर पाडताना चौकट जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जाते आणि नव्या दारासाठी कांडला बंदरात उतरलेला परदेशी साग विकत घेतला जातो. नक्षी यंत्रावर कोरता येते. उंबरा तर पुष्कळ घरांतून नाहीसाच झाला आहे. वृद्धांच्या पायांस तो अडतो, ही तक्रार रास्त आहे. तेथे तो फरशीच्या पातळीत बसवावा, पण ठेवावा. ज्यांच्याकडे जुनी चौकट शिल्लक आहे, त्यांनी ती मोडीत काढण्यापूर्वी जाणत्या सुतारास एकदा दाखवावी. तिची मापे लिहून घ्यावीत, जोडणी उलगडावी, आणि शक्य असेल तर नव्या झडपा तिच्याच आधाराने उभ्या कराव्यात. उंबऱ्यावर रांगोळी काढणारे हात बदलतील. लाकूड मात्र पुढील पिढीसही पुरेल.