प्रश्नावलीतील ‘भीड’

नातेसंबंधांतील अडचणी मोजणारी मानसशास्त्रीय प्रश्नावली परभाषेत नेणे, हे निव्वळ भाषांतराचे काम नव्हे. या प्रकारातील सर्वपरिचित प्रश्नावली अमेरिकेतील लिओनार्ड हॉरोविट्झ व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सिद्ध केली. तीत १२७ विधाने होती. १९९० मध्ये तिचे आठ गटांत विभागलेले ६४ विधानांचे रूप आले. काही विधाने ‘अमुक करणे मला जड जाते’ या धाटणीची, तर काही ‘अमुक मी फारच करतो’ अशी. प्रत्येकास शून्य ते चार गुण द्यायचे.

रूपांतराची रूढ रीत अशी : एक दुभाषी जाणकार भाषांतर करतो, दुसरा मूळ न पाहता त्याचे उलट भाषांतर करतो आणि दोन्ही पाठ ताडून पाहिले जातात. रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये ही रीत विशद केली. तथापि, तिने शब्दांची पारख होते, अर्थाची होतेच असे नाही. हाँगकाँगमध्ये फॅनी च्युंग व सहकाऱ्यांनी चिनी भाषिकांसाठी स्वतंत्र व्यक्तिमत्त्व चाचणीच रचली. सलोखा, उपकारांची परतफेड, चारचौघांतली पत या गोष्टींचा वेगळा घटक तीत आढळला. पाश्चात्त्य चाचण्यांत त्याला जागा नव्हती.

मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या सोलापुरात हे काम चौपट होते. ‘मी करतो’ की ‘मी करते’, हा पेच मराठीत व उर्दूत पडतो. तेलुगू-कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही. ‘माझ्याकडून होते’ अशी रचना केल्यास मराठीत तो सुटतो, पण मग कर्तेपणाच निसटतो. त्याहून अवघड शब्द ‘भीड’. नकार देता न येणे हा मूळ प्रश्नावलीत दोष. आपल्याकडे भिडस्त सून कौतुकास पात्र! परदेशी सरासरी प्रमाण मानली, तर एकत्र कुटुंबातील रीतभातच आजार ठरेल. उलट, भिडेपोटी सोसलेला जाच रीत म्हणून सोडून दिला, तर खरी पीडित स्त्री गुणांकनात निरोगी दिसेल. म्हणून ‘नकार देता येत नाही’ या विधानाबरोबरच ‘त्याचा त्रास होतो का’ हेही विचारणे आवश्यक ठरते.

घरी विड्या वळणाऱ्या, वाचता न येणाऱ्या स्त्रीला प्रश्न वाचून दाखवावे लागतात. त्या वेळी सासू शेजारी बसली असेल, तर निर्दोष भाषांतरही व्यर्थ होय.