फेबियन : एका सेनापतीच्या नावाचा शब्द

मंडळी, 'सावध' म्हणायला इंग्रजीत शब्दांना तोटा नाही. पण त्यातला एक क्वचितच कानावर पडतो, तो म्हणजे 'फेबियन'. टक्कर टाळून, वेळ काढत समोरच्याला दमवणारा, असा त्याचा अर्थ. तुमच्यातल्या काहींना लंडनची फेबियन सोसायटी आठवली असेल. ती १८८४ ची. क्रांती नको, हळूहळू सुधारणा हवी म्हणणाऱ्यांची. पण तिनेही हे नाव उसनंच घेतलं, रोमच्या क्विंटस फेबियस मॅक्सिमसकडून.

इ.स.पू. २१७. हॅनिबल आल्प्स ओलांडून इटलीत उतरलेला. ट्रॅसिमीन तळ्याकाठी, धुक्यात, त्याने रोमन फौज गाठली. कॉन्सुल फ्लॅमिनियससकट सुमारे १५,००० माणसं गेली. हादरलेल्या रोमने फेबियसच्या हाती सगळी सत्ता दिली. त्याने काय केलं? लढाईच दिली नाही! मैदानात हॅनिबलचं घोडदळ भारी, म्हणून हा आपला डोंगराडोंगरातून त्याच्या मागे मागे. दाणावैरणीला बाहेर पडलेल्या टोळ्या तेवढ्या कापायच्या. हिशेब साधा होता: हॅनिबल परक्या मुलखात, गेलेल्या माणसाच्या जागी दुसरा आणणं त्याला अवघड. रोमला माणसांची ददात नव्हती.

पण खाली शेतं जळत होती आणि फौज वरून बघत होती, हे विसरू नका बरं का. ज्याचं शेत जळालं त्याला हे शहाणपण कसं पटावं? पोराच्या मागे मागे शाळेपर्यंत जाणारा गुलाम असतो ना, तसा हा हॅनिबलचा गडी, अशी त्याची टिंगल झाली. 'कुंक्टेटर', म्हणजे चालढकल करणारा, हेही नाव चिकटलं. हॅनिबल बेरकी. त्याने आजूबाजूचं सगळं जाळलं, फेबियसची जमीन तेवढी सोडली, लोकांना संशय यावा म्हणून. फेबियसने ती जमीन विकून टाकली आणि त्या पैशातून रोमन कैदी सोडवले.

पुढच्या वर्षी नवे कॉन्सुल कॅनीला मैदानात उतरले. लिव्हीच्या आकड्यांनुसार एका दिवसात ४८,००० च्या वर रोमन पडले. मग रोम मुकाट्याने फेबियसच्या वाटेवर परतलं, आणि 'कुंक्टेटर' ही शिवी पदवी झाली. अठराव्या शतकात वॉशिंग्टनलाही 'अमेरिकन फेबियस' म्हणत, ते कौतुकाने.

मला मात्र म्हातारा फेबियस जास्त विचारात पाडतो. तरुण स्किपिओने युद्ध आफ्रिकेत नेऊ म्हटलं, तेव्हा याने कडाडून विरोध केला. स्किपिओ गेलाच. इ.स.पू. २०२ मध्ये झामाला त्याने हॅनिबलला हरवलं. ती बातमी ऐकायला फेबियस नव्हता. तो आदल्याच वर्षी वारला होता.