तडजोडींतून युद्धाकडे

१९१४ च्या महायुद्धाचे मूळ साम्राज्यतृष्णेत होते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. हे खरे असले तरी एक अडचण उरतेच. त्यापूर्वीच्या तीस वर्षांत आफ्रिका व आशियातील भूमीसाठी युरोपातील बड्या सत्ता वारंवार हातघाईवर आल्या. परंतु त्यापायी त्या एकमेकींशी एकदाही लढल्या नाहीत. प्रत्येक वेळी तडजोड झाली. मग युद्ध आले कोठून? माझ्या मते, ते या तडजोडींतूनच आले.

१८८४-८५ मध्ये बिस्मार्कच्या निमंत्रणावरून बर्लिनला चौदा राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि आफ्रिकेत कबजा बसविण्याचे नियम त्यांनी ठरविले. त्या बैठकीत आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. पुढची रीत येथेच पडली: भांडण दोघांचे, निवाडा त्यांचाच, आणि भरपाई मात्र तिसऱ्याच्या घरातून. १८९८ मध्ये नाईलकाठच्या फाशोदा येथे इंग्रज व फ्रेंच समोरासमोर उभे ठाकले, तेव्हा फ्रेंचांना माघार घ्यावी लागली. १९०४ मध्ये दोघांचे सख्य झाले ते याच रीतीने. इजिप्तमध्ये फ्रान्सने इंग्रजांना अडवू नये आणि मोरोक्कोत इंग्रजांनी फ्रान्सला अडवू नये, असे ठरले. १९०७ मध्ये इंग्लंड व रशिया यांनी इराणमध्ये आपापली प्रभावक्षेत्रे आखून घेतली. इराणला कोणी विचारले नाही.

या वाटपात जर्मनीला आपण डावलले गेलो असे वाटू लागले. १९०५ मध्ये कैसर स्वतः टँजियरला उतरला. १९११ च्या जुलैत जर्मन युद्धनौका ‘पँथर’ अगादीरच्या बंदरात येऊन उभी राहिली. युद्ध होणार असे वाटत असतानाच नोव्हेंबरात तोड निघाली. मोरोक्को फ्रान्सकडे आणि त्याच्या मोबदल्यात फ्रेंच काँगोचा मोठा भाग जर्मनीकडे. सावकाराच्या वहीतली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जावी, तशी तिथली माणसे एका सत्तेकडून दुसरीकडे गेली.

आता पुढची साखळी पाहावी. फ्रान्सने मोरोक्को घेतला तर इटलीने लिबिया घ्यावा, अशी समजूत त्या दोघांत आधीच झालेली होती. मोरोक्कोचा निकाल दिसू लागताच, १९११ च्या सप्टेंबरात, इटलीने तुर्कांच्या ताब्यातील लिबियावर स्वारी केली. तुर्क अडचणीत सापडलेले पाहून १९१२ च्या ऑक्टोबरात सर्बिया, बल्गेरिया, ग्रीस व माँटेनिग्रो त्यांच्यावर तुटून पडले. दोन बाल्कन युद्धांनंतर सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला. बोस्निया १९०८ मध्येच गिळून बसलेल्या ऑस्ट्रियाला हा शेजारी असह्य झाला. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत गोळी सुटली. गोळी झाडणाऱ्याचा हेतू निराळा होता आणि युद्धाला इतर कारणेही होती, हे मान्य. परंतु या वेळी भरपाईसाठी पुढे करायला तिसऱ्याचा मुलूख उरला नव्हता. भांडण घरातले होते आणि किंमतही घरातूनच द्यायची होती. ती देण्याची सवय कोणालाच राहिली नव्हती.

युद्ध पेटल्यावर मात्र जुनी रीत पुन्हा उपयोगी पडली. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार धाडले गेले. १९१६ च्या एप्रिलात इराकातील कुत येथे जी फौज तुर्कांना शरण गेली, तीत मराठा पलटणीही होत्या. ज्या भांडणात त्यांचा ना शब्द होता ना स्वार्थ, त्याचे देणे सातारा-रत्नागिरीकडच्या घरांनी फेडले.

युद्धानंतर काँगोचा तो तुकडा पुन्हा फ्रान्सकडे गेला आणि जर्मनीच्या इतर वसाहतींची विजेत्यांत वाटणी झाली. तिथल्या माणसांना याही वेळी कोणी विचारले नाही. म्हणून दोन सत्तांच्या समेटाची वार्ता आली की, त्या बैठकीत कोणाला बोलावलेच नव्हते, हे आपण आधी पाहिले पाहिजे.