७४,३३३ मते : बाबासाहेबांची निवडणूक याचिका आणि आजची ऑडिटची मागणी

२०२४च्या महाराष्ट्र विधानसभा निकालानंतर मतदानाच्या आकड्यांचा हिशेब मागणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर मिळाले : हरलात म्हणून रडताय. हे उत्तर देणाऱ्यांत आमचेही काही मित्र आहेत. त्यांना आम्ही इतिहासातले एकच प्रकरण वाचायला सांगतो. या देशाच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत हरल्यावर मतमोजणीचा हिशेब मागणाऱ्यांत खुद्द संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते.

साल १९५२. उत्तर मुंबई हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. शेड्युल्ड कास्ट फेडरेशन आणि समाजवादी पक्षाची युती. सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता, राखीव जागेसाठी बाबासाहेब. निकालात दोन्ही जागा काँग्रेसला गेल्या. बाबासाहेबांना १ लाख २३ हजार ५७६ मते पडली आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे १ लाख ३८ हजार मते घेऊन निवडून आले. फरक चौदा हजारांच्या थोडा वर.

आता पुढचा आकडा बघा. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक याचिका दाखल केली. या मतदारसंघात ७४,३३३ मतपत्रिका बाद ठरवून मोजणीतून वगळल्या गेल्या, म्हणून निवडणूक रद्द करावी, अशी त्यांची मागणी होती. पराभवाच्या फरकाच्या पाचपट मते बाद!

एवढी मते बाद झाली कशी, हे समजायला तेव्हाची पद्धत माहीत हवी. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने मतपत्रिका घेऊन आपल्या उमेदवाराच्या पेटीत टाकायची. द्विसदस्य मतदारसंघात मतदाराला दोन मते असत, पण ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. दोन्ही एकालाच दिली तर एक धरायचे आणि दुसरे बाद करायचे, असे १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६३ मध्ये लिहिले होते. आपल्या जुन्या लोकांचा यासाठी खास शब्द आहे : मत कुजवणे. सवर्ण मतदाराला राखीव जागेवरच्या 'त्यांच्या' माणसाला मत द्यायचे नसेल, तर दुसरे मत कुजवून टाकायचे. कम्युनिस्टांनी, विशेषतः कॉम्रेड डांगे यांच्या बाजूने, मते कुजवण्याचा प्रचार झाला असा आरोप तेव्हाही झाला आणि आपल्या वस्त्यांतले म्हातारे लोक आजही तो सांगतात.

याचिका फेटाळली गेली. निकाल बदलला नाही. बाद झालेली सगळी मते बाबासाहेबांचीच होती, असे म्हणायलाही आधार नाही. ती सगळ्याच उमेदवारांच्या पेट्यांतली असणार. पण मुद्दा वेगळा आहे. ज्या माणसाने घटना सभेत निवडणुकीची कलमे मांडली, त्याला निकालावर प्रश्न विचारण्यात कमीपणा वाटला नाही. लोकशाहीवरचा विश्वास उडाला असेही तो म्हणाला नाही. कायद्यात जी वाट होती तिने गेला, आकडा घेऊन गेला. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा द्विसदस्य मतदारसंघ होता. तेव्हा काही कार्यकर्त्यांनी सुचवले की आपणही आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगू. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले, हरलो तरी चालेल म्हणाले, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. ते हरलेच, आठ हजारांच्या आसपास मतांनी. त्याच निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. म्हणजे आपल्या लोकांनी दुसरे मत इमानदारीने दिले, समोरून ते परत आले नाही. द्विसदस्य मतदारसंघ पुढे १९६१च्या कायद्याने बंद झाले.

या सगळ्यात एकही मशीन नाही, हे आपल्या 'ईव्हीएम हटाव'वाल्या भावांनी लक्षात घ्यावे. बाबासाहेब दोन्ही वेळा कागदाच्या मतपत्रिकेवर हरले. सत्तर-ऐंशीच्या दशकात बूथ बळकावले जात होते ते कागदाच्याच काळात, आणि बिहारसारख्या राज्यांत ज्यांना केंद्रापर्यंत पोहोचूच दिले जात नव्हते ते बहुतेक दलित होते. बूथ बळकावण्याविरुद्ध स्वतंत्र तरतूद कायद्यात आली ती १९८९ मध्ये. कागद परत आला की न्याय आपोआप येईल, हे आम्हाला पटत नाही. मागायचे ते मोजणीची पडताळणी. मग पेटी असो की मशीन.

हा धोका बाबासाहेबांना आधीच दिसला होता. १५ जून १९४९ रोजी घटना सभेत त्यांनी निवडणूक आयोगाच्या कलमाचा सुधारित मसुदा मांडला. आधीच्या मसुद्यात प्रांतांसाठी वेगळे आयोग होते, ते काढून सगळी यंत्रणा एका केंद्रीय आयोगाखाली आणली. कारण त्यांनी स्पष्ट सांगितले : काही प्रांतांची सरकारे वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदार यादीतून वगळत असल्याच्या तक्रारी आहेत. म्हणजे आयोगाच्या जन्माचे कारणच मुळी यादीतून गाळली जाणारी माणसे. दुसऱ्या दिवशी त्याच चर्चेत त्यांनी आणखी एक कबुली दिली. आयुक्तपदावर मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस नेमला जाणार नाही, याची हमी देणारी तरतूद घटनेत नाही, असे ते म्हणाले. आज 'आयोगावर शंका घेणे म्हणजे संविधानावर शंका घेणे' असे जे म्हणतात, त्यांनी ही चर्चा वाचावी.

मशीनचा इतिहासही शंकेपासूनच सुरू होतो. १९८२ मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर पहिल्यांदा ईव्हीएम वापरले. काँग्रेसचे ए. सी. जोस १२३ मतांनी हरले आणि कोर्टात गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मशीन वापरायला कायद्यात आधारच नाही. त्या ५० केंद्रांवर फेरमतदान झाले आणि जोस निवडून आले. त्यांचेही रडगाणेच होते का? २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने कागदी चिठ्ठी, म्हणजे व्हीव्हीपॅट, निर्मळ निवडणुकीसाठी गरजेची मानली. पण चिठ्ठी छापणे वेगळे आणि मोजणे वेगळे. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या फक्त पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. महाराष्ट्रात २८८ गुणिले पाच, म्हणजे १,४४० केंद्रे. राज्यात केंद्रे एक लाखाहून जास्त. या १,४४० मध्ये तफावत सापडली नाही, असे आयोग सांगतो. ते खरे मानू. पण उरलेल्या चिठ्ठ्या पेटीत पडून असताना त्या मोजायला हरकत काय, याचे उत्तर 'वेळ लागेल' याच्या पुढे जात नाही.

आता २०२४कडे येऊ. २० नोव्हेंबरला संध्याकाळी पाचपर्यंत ५८.२२ टक्के मतदान झाल्याचे सांगितले गेले आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के निघाला. आयोगाचे म्हणणे असे की पाचचा आकडा कच्चा असतो, रांगेतल्या लोकांना सहानंतरही मतदान करता येते आणि दिवसभराची तासाची सरासरी पाहता ही वाढ अशक्य नाही. हे उत्तर आम्ही उडवून लावत नाही. ते खरेही असेल. पण ते तपासायचे कशाने? सहानंतर रांगेत उभ्या माणसांना चिठ्ठ्या दिल्या जातात. केंद्रनिहाय त्यांचा हिशेब एकदा जाहीर केला असता तर वाद तिथेच मिटला असता. विक्रोळीच्या एका मतदाराने हाच प्रश्न उच्च न्यायालयात नेला, ॲड. प्रकाश आंबेडकरांनी तो मांडला. २५ जून २०२५ रोजी याचिका फेटाळली गेली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दखल घेतली नाही. ज्या महिन्यात लोक हिशेब मागत होते त्याच महिन्यात, २० डिसेंबर २०२४ रोजी, केंद्राने निवडणूक नियमांतला ९३ क्रमांकाचा नियम बदलला आणि सीसीटीव्हीसारख्या नोंदी सामान्य माणसाला पाहायला मिळण्याची वाट बंद केली.

माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचे ठरवले होते. माळशिरस हा राखीव मतदारसंघ, आणि तिथे ज्या उमेदवाराच्या समर्थकांनी हे ठरवले तो उमेदवार जिंकलेला होता. म्हणजे 'हरले म्हणून' हे तिथे लागूच होत नाही. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झाले नाही, उलट गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. खरे सांगायचे तर तसले मतदान झाले असते तरी त्याला आम्ही ऑडिट म्हटले नसते. दिवस वेगळा, वातावरण वेगळे, मत गुप्त राहण्याची खात्री नाही. पण गावाला पोलीस पाठवण्यापेक्षा त्या गावच्या चिठ्ठ्या मोजून दाखवणे स्वस्त पडले असते.

आणि इथे आपला, आंबेडकरी पक्षांचा, खास प्रश्न सुरू होतो. २६ एप्रिल २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली, पण मशीनच्या मेमरीची तपासणी मागायचा हक्क दिला. कोणाला? दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला. सात दिवसांत अर्ज करायचा, पाच टक्के मशीनपुरता, आणि खर्च आधी स्वतः भरायचा. आपला उमेदवार चौथा आला की त्याला विचारायचा हक्कच नाही. त्याची मते मात्र त्याच मशीनमध्ये आहेत. एखाद्या वस्तीत तीनशे घरे आपली असताना केंद्रावर चाळीस मते निघाली, तर ती वस्ती कोणाकडे जाणार?

एक कागद मात्र आपल्या हातात आहे : नमुना १७-सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने त्या केंद्रावर किती मते नोंदली गेली याची साक्षांकित प्रत हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला द्यायची, असा नियम आहे. 'हजर असलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. किती केंद्रांवर आपला एजंट शेवटपर्यंत बसतो? गावकीच्या धाकात, पाटलाच्या माणसासमोर, बौद्धवाड्यातल्या एकट्या पोराने सकाळी सहापासून रात्रीपर्यंत बसणे सोपे नाही. मजुरी बुडते, जेवायला कोणी देत नाही, दुसऱ्या दिवशी गावात राहायचे असते. आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा हेच ऐकतो. सभेला पाच हजार माणूस आणायला पैसा निघतो, एजंटच्या दिवसाच्या मजुरीला निघत नाही. यादीचेही तसेच. लोकसभा ते विधानसभा या सहा महिन्यांत राज्याच्या यादीत सुमारे ४० लाख नावे वाढली यावर आपण बोलतो, पण ऊसतोडीला गेलेल्या, पुनर्वसनात हललेल्या आपल्या माणसाचे नाव कधी गळाले हे मतदानाच्या सकाळी कळते. १९४९ साली बाबासाहेबांनी बोट ठेवले होते ते नेमके याच जागेवर.

मुदतही ध्यानात ठेवा. निकालाला आव्हान देण्याची वाट घटनेच्या कलम ३२९ (ब) प्रमाणे एकच, निवडणूक याचिका, आणि ती ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. मतदान आणि मोजणीचे चित्रणही याचिका नसेल तर ४५ दिवसांनी नष्ट करावे, असे आयोगाने मे २०२५ मध्ये कळवले आहे. तेव्हा विधानसभेच्या निवडणुकीत सत्कार आणि रुसवेफुगवे निकालाच्या सेहेचाळिसाव्या दिवशी करू. आधी केंद्रनिहाय आकडे गोळा होऊन वकिलाच्या टेबलावर गेले पाहिजेत.