अली मझरूई: वर्गाबाहेरचा प्राध्यापक

मोम्बासाचे शेख अल-अमीन मझरूई केनियाचे मुख्य काझी होते. मुलानं कैरोच्या अल-अजहरला शिकावं, ही त्यांची इच्छा. १९३०च्या दशकात त्यांनी ‘सहिफा’ आणि ‘अल-इस्लाह’ ही पत्रं स्वाहिलीतून काढली. दीन-दुनियेचं इल्म अरबी जाणणाऱ्या मोजक्यांपुरतं राहू नये, हा त्यामागचा विचार. १९४७ साली ते वारले तेव्हा मुलगा अली १४ वर्षांचा होता. अल-अजहर राहूनच गेलं.

शालान्त परीक्षेत अलीला तिसरा वर्ग मिळाला. मोम्बासातल्या एका मुस्लिम शिक्षणसंस्थेत तो कारकुनी करू लागला. ईद-ए-मिलादच्या एका सभेतलं त्याचं भाषण ब्रिटिश गव्हर्नरनं ऐकलं आणि शिष्यवृत्तीची वाट उघडली. पुढं मँचेस्टर, कोलंबिया, ऑक्सफर्ड. १९६३मध्ये अली मझरूई युगांडाच्या मकेरेरे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवू लागले. दोनच वर्षांत प्राध्यापक झाले, डॉक्टरेट त्यानंतर आली! १९६७ या एका वर्षात त्यांची तीन पुस्तकं निघाली.

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय विद्यापीठात तसा नवा. त्याचं पहिलं अध्यासन १९१९मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला स्थापन झालं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, साम्राज्यं शाबूत. वसाहती त्या अभ्यासात होत्या, पण त्यांचं मत कुणी विचारत नव्हतं. मझरूईंनी हाच प्रश्न धरला: आफ्रिकेत शांतता राखायचा अधिकार कुणाचा, बाहेरच्यांचा की आफ्रिकेचाच?

१९७२मध्ये इदी अमीननं आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यात गुजराती हिंदू होते, इस्माइली मुसलमानही होते. अमीन मुसलमान म्हणून मझरूई गप्प बसले नाहीत. त्यांनी उघड टीका केली आणि अखेर युगांडा सोडून अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ गाठलं.

पण त्यांचा मोठा वर्ग भरला तो रेडिओ आणि टीव्हीवर. १९७९मध्ये बीबीसीची रीथ व्याख्यानं त्यांनी दिली. त्यात आफ्रिकेनं अणुशक्ती मिळवावी, म्हणजे घाबरून का होईना बडी राष्ट्रं नि:शस्त्रीकरणाकडे वळतील, असं ते म्हणाले. हा युक्तिवाद मला पटत नाही. पोखरणनंतर कुणी शस्त्रं खाली ठेवल्याचं दिसलं नाही. १९८६मध्ये ‘द आफ्रिकन्स: अ ट्रिपल हेरिटेज’ ही नऊ भागांची मालिका आली. आफ्रिकेचा स्थानिक, इस्लामी आणि पाश्चात्त्य असा तिहेरी वारसा त्यांनी मांडला. अमेरिकी सरकारच्या ज्या निधीतून तिला पैसा मिळाला होता, त्याच्या प्रमुख लिन चेनी संतापल्या. मालिका पाश्चात्त्यविरोधी आहे म्हणत त्यांनी आपल्या संस्थेचं नाव श्रेयनामावलीतून काढायला लावलं. दुसरीकडे वोले सोयिंका यांचा आक्षेप वेगळाच होता. इस्लामला झुकतं माप देऊन मूळच्या आफ्रिकी धर्मांना कमी लेखलं, असं त्यांचं म्हणणं. हा आक्षेप अधिक वजनदार होता, आणि दोघांचा वाद पुढं बराच रंगला.

हीच मालिका अमेरिकी महाविद्यालयांसाठी ‘टेलिकोर्स’ही झाली. भाग घरी पाहायचा, सोबतचं पाठ्यपुस्तक वाचायचं, परीक्षा कॉलेजात द्यायची. २०१२मध्ये आलेलं कोर्सेरा किंवा आपल्याकडचं ‘स्वयम’ यांची बांधणी याहून फार निराळी नाही. निराळा आहे तो शिक्षक. ऑनलाइन धड्यांत तो बहुधा स्लाइडआड असतो. वास्तववाद, उदारमतवाद यांच्या व्याख्या नीट सांगतो, पण जगाकडे कुठून पाहतोय ते सांगत नाही. मझरूई ते लपवत नव्हते. म्हणून तर त्यांच्याशी भांडता आलं, चेनींना आणि सोयिंकांनाही.

ऑक्टोबर २०१४मध्ये अमेरिकेत त्यांचं निधन झालं. दफन मोम्बासात, फोर्ट जीजसजवळच्या घराण्याच्या कब्रस्तानात. रीथ व्याख्यानं आज मोबाईलवर कुणालाही फुकट ऐकता येतात. मात्र ती इंग्रजीत आहेत, वडिलांच्या स्वाहिलीत नाहीत.