झांगरचा सेनापती

फाळणीनंतर मोहम्मद उस्मान यांनी पाकिस्तानी सैन्यात जाण्याचे नाकारले. डिसेंबर १९४७ मध्ये काश्मीर युद्धात झांगर हातचे गेले. ते परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, अशी शपथ ब्रिगेडियर उस्मान यांनी घेतली. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांनी नौशेरा राखले. मार्चमध्ये झांगर जिंकले. त्यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमध्ये मराठा पलटणही होती. आपल्या मातीतली पोरे त्यांच्याच हुकमावर लढली. ३ जुलै १९४८ रोजी तोफगोळ्याने उस्मान शहीद झाले. छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर आला होता. मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. दफन दिल्लीत, जामिया मिल्लियाच्या परिसरात झाले. आमच्याकडे निष्ठेचा दाखला आजही मागितला जातो. म्हणूनच केनवडच्या मुलांना, मग ती उर्दूत शिकोत वा मराठीत, झांगरची ही हकिगत ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते.